शेवटची चौतीस मिनिटं

पणजीत मांडवीच्या पात्रात नांगरलेली एक कॅसिनो बोट आणि तिच्यावरची छोटी पोकर स्पर्धा. खेळाडू १८. प्रवेश ५,५०० रुपये, त्यातले ५,००० बक्षिसांच्या रकमेत आणि ५०० बोटीचे. जमले ९०,०००. पहिल्याला ४५,०००, दुसऱ्याला २७,०००, तिसऱ्याला १८,०००, बाकीच्यांना काही नाही. ही स्पर्धा आणि तिच्यातली माणसं मी रचली आहेत. नियम, पानांचं गणित आणि चुकांची किंमत मात्र रचलेली नाही. अशा स्पर्धा जिथे होतात तिथे हे याच क्रमानं घडत असतं. शेवटच्या दोघांतला एक जण रात्री १०:४२ ला हरला आणि टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी त्याच्या नशिबाला दोष दिला. तिथपर्यंत काय काय झालं ते घड्याळ लावून पाहू.

संध्याकाळी ७:०० (३ तास ४२ मिनिटं आधी)

प्रत्येकाला १०,००० चिप. टेबलावर एकूण १,८०,००० चिप, आणि हा आकडा शेवटपर्यंत बदलणार नाही. चिप फक्त या ढिगातून त्या ढिगात जातील.

पहिली पातळी ५०/१००. म्हणजे दर हाताला एकानं पन्नास आणि त्याच्या शेजाऱ्यानं शंभर चिप पानं बघण्याआधीच टाकायच्या. हे स्मॉल ब्लाइंड आणि बिग ब्लाइंड. तीन पत्तीत माणूस ब्लाइंड खेळतो तो स्वतःच्या हौसेनं. इथे ती सक्ती आहे. दर पंधरा मिनिटांनी हे आकडे वाढतात. छोट्या स्पर्धेची सगळी तऱ्हा या वाक्यात आहे. मोठ्या स्पर्धांत एक पातळी तास-दोन तास चालते, तिथे दम धरता येतो. इथे बोटीला रात्री टेबल मोकळं हवं असतं.

आपल्या कामाची माणसं दोन. एक कोल्हापूरचे काका, शिरोली एमआयडीसीत फौंड्री, वय पन्नाशीच्या पुढे, तीन पत्तीत आयुष्य गेलेलं. फोल्ड करताना ते अजून ‘पॅक’ म्हणतात आणि डीलरला ते समजतं. दुसरी हिंजवडीत नोकरी करणारी पोरगी. ती इतकी वर्षं मोबाइलवर खेळायची. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तेव्हापासून तिला पानं हातात धरायची तर बोट गाठावी लागते. टेबलावर गोव्याचं कोणी नाही, कारण गोव्याच्या रहिवाशांना कॅसिनोत खेळायला मनाई आहे. आणि महाराष्ट्रात कॅसिनो नाहीच. १९७६ चा कॅसिनो कायदा कधी अंमलातच आला नाही, २०२३ मध्ये तो रद्दही झाला. त्यामुळे मांडवीवर मराठी भरपूर ऐकू येतं.

७:०० ते ९:२०

या वेळात सांगण्यासारखं फारसं नाही. अठराचे चार झाले. काका कमी हात खेळले, खेळले ते चांगल्या पानांवर खेळले आणि ढीग वाढवत राहिले. पुष्कळ ढिगांचं टेबल असतं तेव्हा ही पद्धत वाईट नाही. नऊ जण बसलेले असताना दोन्ही ब्लाइंड नऊ हातांतून एकदाच भरावे लागतात.

रात्री ९:३८ (१ तास ४ मिनिटं आधी)

चौघं उरलेत आणि बक्षिसं तीन. प्रत्येकाकडे साधारण ४५,००० चिप. ब्लाइंड १,०००/२,०००. काकांच्या हातात जोड नव्वी. समोरचा बेळगावचा गडी सगळ्या चिप पुढे ढकलतो, ऑल-इन. काका पान दोनदा उचलून बघतात, श्वास सोडतात आणि म्हणतात, “पॅक.”

शेजारचा म्हणाला, “काका, नव्वीची जोडी टाकली?”

“पैशात यायचंय आधी,” काका म्हणाले.

काका बरोबर होते, आणि का बरोबर होते ते नीट पाहायला हवं, कारण पुढची दुर्घटना याच बरोबर निर्णयातून उगवली. चौघांचे ढीग सारखे असतील तर प्रत्येकाच्या ढिगाची किंमत ९०,००० चा चौथा हिस्सा, २२,५०० रुपये. काकांनी कॉल करून, म्हणजे तेवढ्याच चिप टाकून, हात जिंकला असता तर ढीग दुप्पट झाला असता. पण किंमत दुप्पट नाही. तीन खेळाडू, ढीग ९०, ४५ आणि ४५ हजार, अशा स्थितीत मोठ्या ढिगाला पहिला क्रमांक शंभरात ५० वेळा, दुसरा ३३ वेळा, तिसरा १७ वेळा. हिशेब मांडला की येतात ३४,५०० रुपये. म्हणजे कमवायचे १२,००० आणि पणाला लावायचे २२,५००. असा कॉल परवडायला शंभरात ६५ वेळा जिंकणारी पानं लागतात. नव्वीची जोडी दोन मोठ्या पानांविरुद्ध जेमतेम पंचावन्न वेळा जिंकते, आणि समोर दश्शीची किंवा राणीची जोडी असेल तर विचारूच नका. फोल्डच बरोबर.

बक्षिसांच्या उंबरठ्यावर गमावलेली चिप कमावलेल्या चिपेपेक्षा महाग असते. पोकरवाले या हिशेबाला आयसीएम म्हणतात. काकांनी तो कधी कागदावर मांडला नसेल, पण वर्षानुवर्षांच्या बैठकीनं तो त्यांच्या हाडात मुरला होता.

९:५२

चौथा गेला. आता तिघंही पैशात. काकांनी चहा मागवला. ‘थांबलं की मिळतं’ हे त्यांचं मत पक्कं झालं होतं, आणि या क्षणापर्यंत ते मत खोटं ठरवणारं काहीच घडलं नव्हतं.

१०:०८ (३४ मिनिटं आधी)

बेळगावकर तिसरा होऊन उठला. उरले दोघं. पोकरच्या भाषेत हेड्स-अप. ब्लाइंड २,०००/४,०००. काकांकडे ९८,०००, पोरीकडे ८२,०००.

“या मॅडम, समोर बसा,” काका म्हणाले. “आता सावकाश खेळू.”

“काका, घड्याळ सावकाश खेळू देत नाही,” ती म्हणाली आणि खुर्ची ओढली.

या मिनिटाला खेळ बदलला. टेबल तेच, चिप त्याच, डीलर तोच, म्हणून ते दिसत नाही. आता दुसऱ्या क्रमांकाचे २७,००० दोघांच्याही खिशात आहेत. भांडण आहे ते फक्त वरच्या १८,००० रुपयांचं, आणि टेबलावर १,८०,००० चिप आहेत. दहा चिपांना एक रुपया. कमावलेली चिप आणि गमावलेली चिप यांची किंमत आता तंतोतंत एक. दोघं सारख्याच तयारीचे असतील तर जिंकण्याची शक्यता ढिगाच्या वाट्याइतकी असते. काकांचा वाटा ९,८०० रुपये, पोरीचा ८,२००. अर्ध्या तासापूर्वी कॉलसाठी शंभरात ६५ लागत होते, ती अट संपली. उंबरठा ओलांडून झाला होता आणि काका अजून उंबरठ्यावरच्या हिशेबानं बसले होते.

दुसरा बदल त्याहून जाचक. दोघंच असताना प्रत्येक हाताला प्रत्येकाला ब्लाइंड आहे. एकदा छोटा, एकदा मोठा. दोन हातांत दीड बिग ब्लाइंड, म्हणजे हात न खेळताही दर हाताला पाऊण. हे उभ्या रिक्षाचं मीटर आहे. आपण कुठे जात नाही म्हणून ते थांबत नाही.

१०:०८ ते १०:२०

अकरा हात झाले. काकांना स्मॉल ब्लाइंड सहा वेळा आला. चारदा त्यांनी फोल्ड केलं, दोनदा बोली वाढवली आणि दोन्ही वेळा पोरीनं पानं टाकली. बिग ब्लाइंड पाच वेळा. चारदा पोरीनं बोली वाढवली आणि काकांनी सोडलं, एकदा तिनंच सोडलं. एकही हात शेवटच्या पानापर्यंत गेला नाही. कोणी पाहत असतं तर म्हणालं असतं, काही घडलंच नाही. काकांचा ढीग ९८,००० वरून ८४,००० वर आला होता. चौदाशे रुपये गेले, आणि एकाही पानावरून नाही.

१०:२० (२२ मिनिटं आधी)

ब्लाइंड ३,०००/६,०००. काकांकडे आता १४ बिग ब्लाइंड. हेड्स-अपमध्ये ढीग चिपांत मोजायचा नसतो, बिग ब्लाइंडांत मोजायचा असतो. ही सवय पोरीला होती. काका अजून ‘चौऱ्याऐंशी हजार’ असंच मनात म्हणत होते, आणि चौऱ्याऐंशी हजार ऐकायला भरपूर वाटतात.

थांबायचं तर कशासाठी थांबायचं, तेही बघू. जोडी हातात येण्याची शक्यता सतरा हातांत एकदा. सतरा हात नुसते फोल्ड करत बसलं तर खर्च पावणेतेरा बिग ब्लाइंड. म्हणजे सरासरी नशीब असलेला माणूस जोडीची वाट बघत बसला, तर जोडी येईपर्यंत त्याच्याकडे सव्वा बिग ब्लाइंड उरेल.

थांबण्याला पर्याय ऑल-इनचा, आणि ऑल-इनला दोन रस्त्यांनी जिंकता येतं. समोरच्यानं पानं टाकली तर ब्लाइंड आपले, पानं काहीही असोत. त्यानं कॉल केला तर पाच पानं उघडतात आणि आपल्याला उरलेला वाटा असतोच. हेड्स-अपमध्ये अगदी रद्दी हातालाही हा वाटा असतो: दुर्री-तिर्री हा सगळ्यात वाईट हात, तोसुद्धा कुठल्याही दोन पानांविरुद्ध शंभरात ३२ वेळा जिंकतो. कॉल करणाऱ्याकडे मात्र एकच रस्ता असतो, पानं. म्हणून सारख्याच पानांवर ढकलणं परवडतं आणि कॉल करणं परवडत नाही, असे पुष्कळ हात असतात. पोरीचं सगळं शास्त्र एवढंच. ती धीट होती असं नाही. किती ढीग असताना कुठला हात ढकलायचा याचा तक्ता तिनं पाठ केला होता.

पुढचे पाच हात भराभर सांगतो. पहिला: ती ऑल-इन, काका पॅक, ७८,०००. दुसरा: काकांनी गुलाम-नव्वीवर १२,००० ची बोली केली, ती ऑल-इन, काका पॅक, ६६,०००. हा हात चुकलाच असं छातीठोक म्हणता येणार नाही, पण एवढ्या ढिगातून दोन बिग ब्लाइंड टाकून मागे फिरणं फार वेळा परवडत नाही. तिसरा: तिनं सोडलं, ६९,०००. चौथा: काका पॅक, ६६,०००. पाचवा: ती ऑल-इन, काका पॅक, ६०,०००.

“सारखं काय सगळंच ढकलतेस गं?” काका हसत म्हणाले. ‘मॅडम’वरून एकेरीवर यायला सोळा हात पुरले होते.

“कॉल करा ना काका,” ती म्हणाली.

१०:२६ (१६ मिनिटं आधी)

काकांकडे ६०,०००. नेमके दहा बिग ब्लाइंड. स्मॉल ब्लाइंड त्यांचा, पहिली बोली त्यांची. हातात राजा-चौकी, वेगवेगळ्या रंगांची.

“राजाबरोबर चौकी,” ते स्वतःशीच पुटपुटले. “याच्यावर काय मारायचं? पॅक.”

इथे थांबू. समजा काकांनी सगळं ढकललं असतं, आणि पोरीनं शंभरात ४० वेळा कॉल केला असता, आणि त्या कॉलमध्ये काका शंभरात ४० वेळाच जिंकले असते. हे अंदाज काकांच्या विरुद्धच झुकते धरलेत. साठ वेळा ती सोडणार, काकांना तिचा बिग ब्लाइंड, अधिक सहा हजार. चाळीस वेळा कॉल, आणि त्यात सरासरी बारा हजारांचा तोटा. बेरीज केली तर ढकलण्याची सरासरी किंमत उणे १,२०० चिप. राजा-चौकी ढकलण्यात तोटाच आहे!

आणि फोल्डची किंमत? उणे ३,०००. कारण स्मॉल ब्लाइंड आधीच टाकलेला आहे आणि तो परत मिळत नाही.

पोकर कळायला अवघड जातो तो इथेच. दोन्ही पर्यायांत नुकसान आहे, आणि त्यातला कमी नुकसानीचा पर्याय भीतीदायक दिसतो, जास्त नुकसानीचा शहाणपणाचा दिसतो. फोल्ड करून गेलेले तीन हजार कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीत. राजा-चौकीवर ऑल-इन जाऊन हरलेला माणूस मात्र परतीच्या बोटीत सगळ्यांच्या चेष्टेचा विषय होतो. काकांनी चेष्टा टाळली आणि १,८०० चिप जास्तीच्या दिल्या.

दहा बिग ब्लाइंडांवर दोन्ही बाजूंनी अचूक खेळ झाला तर स्मॉल ब्लाइंडवाल्यानं शंभरातले जवळपास ५८ हात ऑल-इन जायला हवेत आणि बिग ब्लाइंडवाल्यानं ३७ च्या आसपास हातांवर कॉल करायला हवा. जॉन नॅश या गणितज्ञाच्या नावानं ओळखला जाणारा हा समतोल आहे. त्यापासून एकट्यानं ढळलं तर फायदा होत नाही. काका या वेळी शंभरातले दहा-बारा हात खेळत होते.

१०:२७ (१५ मिनिटं आधी)

पुढचाच हात. बिग ब्लाइंड काकांचा. पोरीनं पानं बघितली, दोन्ही हातांनी ढीग पुढे केला.

काकांच्या हातात किलवरचा एक्का आणि बदामची तिर्री.

ते बराच वेळ बसले. एक्का होता म्हणून सोडवत नव्हतं, तिर्री होती म्हणून धरवत नव्हतं. “एक्का आहे, पण जोडीदार लंगडा,” असं म्हणून पानं डीलरकडे सरकवली.

बिग ब्लाइंडचे सहा हजार टाकून काकांकडे ५१,००० उरले होते. ते टाकले असते तर टेबलावर मिळून १,१४,००० झाले असते. म्हणजे शंभरात ४५ वेळा जिंकता आलं तरी कॉल वसूल. एक्का-तिर्री कुठल्याही दोन पानांविरुद्ध शंभरात पंचावन्नच्या आसपास वेळा जिंकते. पोरगी कुठल्याही दोन पानांवर ढकलत नसेल असं धरा, ती निम्म्याहून थोड्या जास्त हातांवर ढकलत असेल. तरी एक्का-तिर्री पन्नासच्या खाली फारशी जात नाही. पन्नासच धरा. कॉलची सरासरी ५७,०००, फोल्डनंतर हातात ५१,०००. सहा हजार चिपांचा, सहाशे रुपयांचा निर्णय. राजा-चौकीच्या तिप्पट नुकसान, एका मिनिटात.

आणि नुकसान एवढंच नाही. समोरच्याला कळलं की हा एक्का घेऊनसुद्धा कॉल करत नाही, की त्याला तक्त्याचीही गरज उरत नाही. पोरीनं यानंतर तक्त्यात नसलेले हातही ढकलायला सुरुवात केली. काका तिला दोनदा कॉल करते तर तिला हात आवरावा लागला असता. हेड्स-अपमधला कॉल हा पुढच्या हातांसाठीचा बंधाराही असतो.

बेळगावकर मागे उभा राहून बघत होता. तो म्हणाला, “बरोबर सोडलंत. एक्का-तिर्रीवर कोण बाहेर जातं!” उंबरठ्यावर नव्वीची जोडी सोडलेली त्यानं बघितली होती. दोन्ही निर्णय त्याला सारखेच दिसले.

१०:३१ (११ मिनिटं आधी)

मधल्या दोन हातांत आणखी नऊ हजार गेले, ४२,०००. मग काकांना एक्का-गुलाम आला. त्यांनी सगळं ढकललं. पोरीनं क्षणात सोडलं.

“बघा!” काका म्हणाले. “पान आलं की मारायचं.”

मिळाले सहा हजार. ज्या हाताची वाट बघताना १०:२० पासून बेचाळीस हजार गेले होते, त्यानं सहा परत आणले. बक्षीस मिळालं म्हणजे पद्धत बरोबर, असं मनाला वाटतं, आणि काकांना या सहा हजारांनी जेवढं फसवलं तेवढं पोरीनंही फसवलं नव्हतं. पुढचे तीन हात: तीन मिळाले, तीन गेले, सहा गेले. पुन्हा ४२,०००.

१०:३५ (७ मिनिटं आधी)

ब्लाइंड ४,०००/८,०००. ऐकायला अजूनही बेचाळीस हजार, पण मोजले तर सव्वापाच बिग ब्लाइंड.

या उंचीवर खेळ फार सोपा होतो: ऑल-इन किंवा फोल्ड, तिसरं काही नाही. डेन्मार्कमधल्या आर्हुस विद्यापीठातल्या पीटर ब्रो मिल्टरसन आणि ट्रोल्स बियेर सोरेनसन या दोघांनी २००७ मध्ये हेच मोजून दाखवलं. दोघांत मिळून ८,००० चिप आणि ब्लाइंड ३००/६०० अशी छोटी स्पर्धा त्यांनी घेतली. फक्त ढकल-किंवा-सोड एवढंच करणारा माणूस सर्वोत्तम खेळापेक्षा दीड टक्क्याहूनही कमी मागे राहतो, असं निघालं. बाकी सगळी चतुराई त्या दीड टक्क्यात.

तक्ता पाठ नसलेल्यांसाठी ली जोन्स आणि जेम्स किटॉक यांनी त्याहून सोपा हिशेब बसवला, त्याचं नाव सेज. मोठ्या पानाची दुप्पट करा, त्यात छोटं पान मिळवा. एक्का १५, राजा १३, राणी १२, गुलाम ११. जोडी असेल तर आणखी २२, दोन्ही पानं एका रंगाची असतील तर २. पाच बिग ब्लाइंड उरले असताना २४ किंवा जास्त झाले तर ढकला, २८ किंवा जास्त झाले तर कॉल करा. हे बोटीवर बसून मनातल्या मनात करता येतं. ज्यांना तीन पत्तीतले रन आणि कलर डोळे मिटून ओळखता येतात त्यांना एवढी बेरीज जड नाही.

आता काकांचे हात या मापानं मोजा.

१०:३५, नव्वी-छक्की: १८ अधिक ६, चोवीस. ढकलायचा हात. काका पॅक. ३८,०००.

१०:३६, पोरगी ऑल-इन, काकांकडे राणी-सत्ती: २४ अधिक ७, एकतीस. कॉलचा हात, तोही आरामात. या हाताला पोकरवाले ‘कॉम्प्युटर हॅंड’ म्हणतात. हा हात साधारण मधोमध बसतो, कुठल्याही दोन पानांविरुद्ध शंभरात ५२ च्या जवळपास वेळा जिंकतो. काकांना हवे होते शंभरात ४०. काका पॅक. ३०,०००.

१०:३८, दश्शी-चौकी. चार बिग ब्लाइंडांच्या आत ढकलायला २३ पुरतात, इथे चोवीस होते. पॅक. २६,०००.

१०:३९, पोरगी ऑल-इन, काकांकडे गुलाम-पंजी. सत्तावीस, कॉलला चोवीस-सव्वीस पुरेत. आणखी १८,००० टाकायचे आणि ५२,००० चा ढीग. शंभरात ३५ वेळा जिंकलं की झालं. पॅक. १८,०००.

चार हात, पाच मिनिटं, चोवीस हजार चिप.

१०:४१ (१ मिनिट आधी)

स्मॉल ब्लाइंड काकांचा. त्यांनी पानांचे कोपरे उचलले, आणि चेहरा उजळला. चौकटचा एक्का, इस्पिकचा राजा. असा हात ८३ वाटपांत एकदा येतो. ज्याची वाट बघत होते ते आलं.

“ऑल-इन,” काका म्हणाले. संध्याकाळपासून पहिल्यांदाच आवाज मोठा होता.

१८,००० चिप. सव्वादोन बिग ब्लाइंड. पोरीनं पानं न बघताच कॉल म्हटलं. बघायची गरजच नव्हती: दहा हजार टाकून छत्तीस हजारांचा ढीग मिळतोय, शंभरात २८ वेळा जिंकलं तरी पुरे, आणि दुर्री-तिर्रीसुद्धा ३२ वेळा जिंकते. काकांच्या ऑल-इनचा पहिला रस्ता, समोरच्यानं घाबरून सोडण्याचा, बंद झाला होता. तो कधी बंद झाला ते काकांना कळलंही नाही.

तिनं पानं उलटली. सत्ती-छक्की.

काका शंभरात ६२ वेळा जिंकणार होते.

१०:४२

नव्वी, सत्ती, दुर्री. मग राणी. मग तिर्री.

सत्तीची जोडी जिंकली.

“अरेरे!” “एक्का-राजावर सत्ती-छक्की!” “काका, नशीबच फुटकं.” काका उठले, पोरीशी हात मिळवला, म्हणाले, “चांगली खेळलीस, पण लकी आहेस हं.” ती “हो काका” एवढंच म्हणाली. तिनं वाद घातला नाही, आणि हिशेबानं बघितलं तर तिला घालायची गरजही नव्हती.

समजा सत्ती आलीच नसती. काकांचे झाले असते ३६,०००, एकूण चिपांचा पाचवा हिस्सा, आणि पुन्हा तेच ब्लाइंड, तीच पोरगी, चौपट ढिगासह. त्या शेवटच्या हातावर लोक ज्या १८,००० रुपयांसाठी हळहळले, त्यांतले काकांचे म्हणावेत असे १,८०० च टेबलावर उरले होते. त्यांच्या ९,८०० मधले बाकीचे ८,००० दहा वाजून आठ मिनिटांपासून दहा वाजून एकेचाळीस मिनिटांपर्यंत, ‘पॅक’ ‘पॅक’ म्हणत, एकही पान उघडून न दाखवता दिले गेले होते.

काकांना २७,००० मिळाले. प्रवेशाचे ५,५०० वजा करून, कर धरण्याआधी, २१,५०० चा नफा. म्हणजे संध्याकाळ वाईट गेली असंही नाही, आणि शिरोलीत ते ही गोष्ट एक्का-राजा आणि सत्ती-छक्कीची म्हणूनच सांगतील. मला कोणी दुर्घटनेची वेळ लिहायला सांगितली तर मी १०:४२ लिहिणार नाही. १०:२७ लिहीन, किलवरचा एक्का, बदामची तिर्री, ५१,००० चिप, आणि न केलेला कॉल.